बाहुलीघरातील पॉलिमर क्लेचे पदार्थ खाण्याजोगे दिसावेत यासाठी काय करावे?

चिमुकले_ताट

नमस्कार. १:१२ या प्रमाणातील, म्हणजे खऱ्याच्या बाराव्या भागाइतक्या मापाच्या, एका बाहुलीघरासाठी मी पॉलिमर क्लेचे (ओव्हनमध्ये भाजून घट्ट होणाऱ्या प्लास्टिकच्या मातीचे) खाद्यपदार्थ तयार करत आहे. सध्या न्याहारीच्या टेबलाचे काम हाती घेतले असून त्यावर एक अख्खा ब्रेड व त्याचे दोन-चार स्लाइस, संत्र्याच्या चकत्या, अर्धे कापलेले उकडलेले अंडे आणि जॅमची एक बशी मांडण्याचा विचार आहे. आकार मनासारखे येतात. अडचण येते ती पदार्थ भाजून बाहेर काढल्यावर. ब्रेड पाहताच तो प्लास्टिकचा आहे हे कळते. त्याचा तपकिरी रंग सगळीकडे सारखा दिसतो, आणि रंग अधिक गडद घेतल्यास ब्रेड अधिक भाजलेला न दिसता केवळ अधिक रंगवलेला दिसतो. संत्र्याची केन (लांबीभर आरपार तीच नक्षी असलेला क्लेचा दंडगोल) तयार करून चकत्या कापल्या, की फोडींमधील पांढऱ्या रेषा केशरी रंगात मिसळून नाहीशा होतात. अंड्याचा पांढरा भाग भाजल्यानंतर पिवळसर पडतो, आणि अर्धपारदर्शक क्ले वापरलेल्या चकत्यांमध्ये नखाच्या कोरीएवढे फिकट ठिपके उमटतात.

या चार अडचणींचे मूळ एकच आहे की प्रत्येकीचे कारण निराळे आहे, हे मला जाणून घ्यायचे आहे. वास्तवदर्शी काम करणाऱ्यांनी केवळ कृती न सांगता त्यामागील कारणही सांगितले, तर पुढील पदार्थांनाही त्याचा उपयोग होईल.

मातीकाम

तुमचा प्रश्न अतिशय नेमका आहे. ब्रेड आणि अंडे यांबाबत सविस्तर लिहितो. केनविषयी येथे माझ्यापेक्षा अधिक जाणकार मंडळी आहेत.

पदार्थ प्लास्टिकचा दिसतो याचे पहिले कारण रंगात नसून प्रकाशात असते. खऱ्या ब्रेडचा गाभा, अंड्याचा पांढरा भाग, चीज, फळाचा गर या सर्वांमध्ये प्रकाश थोडा आत शिरतो, तेथे विखुरतो आणि मग बाहेर येतो. साधी पांढरी क्ले मात्र जवळजवळ सगळा प्रकाश पृष्ठभागावरूनच परतवते, त्यामुळे डोळ्याला ती वस्तू भरीव आणि निर्जीव वाटते. म्हणून खाद्यपदार्थांसाठी निव्वळ पांढरी क्ले मी जवळपास कधीच वापरत नाही. ब्रेडच्या गाभ्यासाठी पांढरी आणि अर्धपारदर्शक क्ले निम्मी-निम्मी घेऊन तिच्यात यलो ओकर रंगाच्या क्लेचा अगदी लहान कण मळावा. अंड्याच्या पांढऱ्या भागासाठी अर्धपारदर्शक क्लेचे प्रमाण आणखी वाढवावे आणि पांढरी फक्त धूसरपणा येण्यापुरती घालावी. बलकासाठीही हाच नियम लागू आहे. उकडलेल्या बलकाचा रंग चकचकीत पिवळा नसतो. तो फिकट आणि पिठूळ असतो, म्हणून तेथे उलट पांढरी अधिक घ्यावी, पृष्ठभाग सुईने खरवडून रवाळ करावा आणि त्यावर चमक मुळीच येऊ देऊ नये. एकाच अंड्यात हे दोन विरुद्ध गुण शेजारी शेजारी आले, की नुसत्या रंगाने जे साधत नाही ते साधते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे: अर्धपारदर्शक क्ले मिसळलेल्या मिश्रणाचा रंग भाजल्यानंतर अधिक गडद दिसू लागतो, कारण कच्च्या अवस्थेत ती दुधाळ असते आणि भाजल्यावर तिचा दुधाळपणा कमी होतो. त्यामुळे मिश्रण अपेक्षेपेक्षा थोडे फिकट ठेवावे आणि त्याचा एक लहानसा तुकडा आधी भाजून पाहावा.

आता ब्रेडच्या कडेचा प्रश्न. कवचाचा तपकिरी रंग क्लेमध्ये मिसळायचा नसतो. तो वरून, थरांनी चढवायचा असतो. यासाठी सॉफ्ट पेस्टलचे कोरडे खडू घ्यावेत. ऑइल पेस्टल येथे चालत नाहीत, कारण त्यांची भुकटी होत नाही. यलो ओकर, बर्न्ट सिएना आणि बर्न्ट अंबर या तीन छटा ब्लेडने खरवडून त्यांची भुकटी करावी आणि ती मऊ, कोरड्या ब्रशने न भाजलेल्या क्लेवर लावावी. कच्ची क्ले किंचित चिकट असल्याने भुकटी तिला धरून राहते आणि भाजल्यानंतर तेथेच पक्की होते. आधी सर्वत्र ओकरचा पातळ थर द्यावा, मग वरच्या फुगीर भागावर सिएना, आणि शेवटी ज्या जागी आच सर्वांत जास्त लागते अशा उंचवट्यांवर आणि कडांवर मोजके अंबर. प्रत्येक थरानंतर खालचा थर कोठेतरी दिसत राहिला पाहिजे.

हे करताना खरा ब्रेड कसा भाजला जातो याचे स्मरण ठेवावे. माथ्यावर दिलेली चीर ओव्हनमध्ये उशिरा उघडते, म्हणून तिच्या आतील भाग फिकट राहतो आणि तिच्या कडा सर्वांत गडद होतात. साच्यात भाजलेल्या ब्रेडच्या बाजूंना, जेथे तो साच्याच्या काठावर फुगून आलेला असतो, तेथे एक फिकट पट्टा दिसतो. या दोन जागा ब्रशने मुद्दाम टाळल्या, की तुमची रंग सगळीकडे सारखा दिसण्याची तक्रार बरीचशी दूर होईल. पेस्टल लावण्यापूर्वी पृष्ठभागावर जुन्या टूथब्रशने हलके टोचावे आणि मग अॅल्युमिनियम फॉइलची चुरगाळलेली गोळी एक-दोनदा दाबावी. केवळ टूथब्रश वापरल्यास ठशांची ओळ दिसते आणि पृष्ठभाग कृत्रिम वाटतो.

स्लाइसचा गाभा कापून काढू नये, तो फाडून काढावा. ब्लेडने कापलेली क्ले गुळगुळीत होते आणि मग तिच्यावर सुईने कितीही भोके पाडली तरी ती भोके वाटतात, जाळी वाटत नाही. क्लेचा गोळा हळूहळू ताणून तोडला, की तुटलेल्या बाजूस जो खडबडीतपणा येतो तोच गाभ्याच्या सर्वांत जवळ जातो. सुईचे काम त्यानंतर केवळ दुरुस्तीपुरते उरते.

सूक्ष्ममाप

वरील उत्तराशी मी सहमत आहे, तथापि माझ्या मते मापाचा विचार रंगाच्याही आधी यायला हवा. १:१२ या प्रमाणात २५ सेंटीमीटर व्यासाची थाळी सुमारे २१ मिलिमीटर होते, साडेसात सेंटीमीटरचे संत्रे सव्वासहा मिलिमीटरचे होते, आणि १२ मिलिमीटर जाडीचा ब्रेडचा स्लाइस बरोबर एक मिलिमीटर जाड असायला हवा. हाताने काम करताना स्लाइस नकळत दोन मिलिमीटर जाडीचा होतो, म्हणजे खऱ्या जगातील जवळजवळ अडीच सेंटीमीटरचा, आणि मग रंग कितीही उत्तम असला तरी पाहणाऱ्याला काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहते. याच कारणासाठी ब्रेडवर खरी खसखस किंवा तीळ चिकटवू नयेत. एक मिलिमीटरचा खसखशीचा दाणा या प्रमाणात १२ मिलिमीटरचा ठरतो, आणि तिळाचा दाणा तर बाहुलीच्या तळहाताशी स्पर्धा करतो. शिवाय खऱ्या धान्याला कालांतराने कीड लागू शकते. बियांचा भास हवा असेल, तर भाजलेल्या क्लेचा तुकडा बारीक कानशीने घासून त्याची भुकटी वापरावी.

पोताच्या बाबतीत मात्र मी मापाचा आग्रह थोडा सैल करतो. ब्रेडच्या जाळीतील दोन-तीन मिलिमीटरचे छिद्र या प्रमाणात पाव मिलिमीटरच्याही आत जाते आणि हातभर अंतरावरून ते दिसतच नाही. अशा वेळी पोत खऱ्या प्रमाणापेक्षा किंचित ठळक ठेवावा, म्हणजे डोळा त्याला पोत म्हणून स्वीकारतो. बाह्य मापे काटेकोर आणि पोत किंचित अतिशयोक्त, ही माझी पद्धत आहे. कामाच्या टाइलखाली मिलिमीटरचा आलेखकागद ठेवला, तर प्रत्येक तुकडा वेगळा मोजण्याची गरज उरत नाही. तुमचे पुढील काम २९-३० सेंटीमीटर उंचीच्या बाहुल्यांसाठी असेल, तर तेथे प्रमाण साधारण १:६ धरतात आणि वरील सर्व मापे दुप्पट होतात.

कोरणी

संत्र्याच्या केनविषयी लिहिते. पांढऱ्या रेषा नाहीशा होण्याची कारणे बहुधा दोन असतात आणि ती एकमेकांना पोसतात: केन आकुंचित करताना, म्हणजे दाबून बारीक व लांब करताना, वापरलेल्या क्लेंचा मऊपणा वेगवेगळा असणे, आणि कापताना केन उबदार असणे.

फोडींसाठीची केशरी अर्धपारदर्शक क्ले पांढऱ्या क्लेपेक्षा बऱ्याचदा मऊ असते. अशी केन दाबत नेली, की मऊ भाग लवकर सरकतो आणि कडक भाग मागे राहून तुटतो. म्हणून जुळणी करण्यापूर्वी सर्व रंग सारखेच मळून घ्यावेत. एखादी क्ले फारच मऊ असेल, तर तिची पातळ पोळी साध्या कोऱ्या कागदाच्या दोन घड्यांमध्ये वजनाखाली काही तास ठेवावी. कागद तिच्यातील जादा प्लास्टिसायझर (क्लेला मऊ ठेवणारा घटक) शोषून घेतो आणि ती घट्ट होते. फोडींच्या मधली रेषा निव्वळ पांढरी न ठेवता पांढरी व अर्धपारदर्शक मिसळून करावी, आणि सुरुवातीला ती डोळ्याला अवाजवी वाटेल इतकी जाड ठेवावी. कारण साधे आहे: ३० मिलिमीटर व्यासाची केन सहा मिलिमीटरपर्यंत आणली, की तिच्यातील प्रत्येक रेषा पाचपट बारीक होते. एक मिलिमीटरची रेषा ०.२ मिलिमीटरची होऊन बसते, म्हणजे कापताना पुसली जाण्याच्या बेताला येते. घनफळ तेवढेच राहत असल्याने केनची लांबी याच वेळी पंचवीसपट होते. दोन सेंटीमीटर उंचीची केन अर्धा मीटर लांब होते. तेव्हा एका टेबलापुरत्या चकत्यांसाठी आखूड केनच पुरेशी असते आणि क्ले वाया जात नाही.

आकुंचन करताना केन टेबलावर लगेच लाटू नये. आधी मधोमध बोटांनी सर्व बाजूंनी दाबून तिला कंबर आणावी, मग तेथून दोन्ही टोकांकडे सरकावे, आणि लाटणे अगदी शेवटी, केवळ गोलाई आणण्यापुरते करावे. टोकांकडील भागात नक्षी विस्कटते. तो भाग बाजूला काढून इतर कामाला वापरावा. सालीचा केशरी थर आणि त्याच्या आतील पांढरा थर फोडी जुळवून झाल्यानंतर गुंडाळावा, आणि साल गाभ्यापेक्षा अधिक गडद आणि अपारदर्शक ठेवावी, म्हणजे दोहोंतील फरक लहान आकारातही टिकतो.

केन तयार झाल्यावर तिला कापण्याची घाई करू नये. ती रात्रभर तशीच राहू द्यावी आणि कापण्यापूर्वी थोडा वेळ फ्रिजमध्ये ठेवावी. ब्लेड पातळ आणि नवे असावे. प्रत्येक कापानंतर केन पाव वळसा फिरवावी, जेणेकरून ती एकाच बाजूने चेपली जाणार नाही, आणि ब्लेड दर वेळी पुसून घ्यावे, कारण पात्यावर राहिलेला केशरी अंशच पुढच्या चकतीच्या पांढऱ्या रेषेवर ओढला जातो. मी स्वतः मात्र संत्रे, लिंबू यांच्या केन आधी भाजते आणि त्या गरम असतानाच कापते. त्या वेळी भाजलेली क्ले लवचीक असते, चकती तुटत नाही आणि कच्च्या क्लेप्रमाणे रंग ओढला जाण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. केन पूर्ण थंड झाल्यावर कापू पाहिल्यास चकत्यांच्या कडा तडकतात, म्हणून ती पुन्हा थोडी गरम करून घ्यावी.

चकतीचा दर्शनी भाग कापल्यावर सपाट दिसतो. सुईच्या टोकाने प्रत्येक फोडीत मध्यापासून सालीकडे बारीक रेघा ओढल्या, की गरातील पेशींचा आभास निर्माण होतो. हे काम कच्च्या चकतीवरच करता येते. केन आधी भाजण्याच्या पद्धतीत त्याला मुकावे लागते. ज्या चकत्या अगदी पुढे मांडायच्या आहेत त्या कच्च्या कापाव्यात आणि बाकीच्या भाजून, असा मध्यम मार्ग मला योग्य वाटतो.

मंद_आच

अंड्याचे पिवळे पडणे आणि अर्धपारदर्शक क्लेतील ठिपके यांबद्दल लिहितो, कारण या दोन्हींचा संबंध भाजण्याशी आणि क्लेच्या हाताळणीशी आहे.

पॉलिमर क्ले वाळून घट्ट होत नाही. तिच्यात पीव्हीसी या प्लास्टिकचे सूक्ष्म कण आणि प्लास्टिसायझर असतो. उष्णता मिळाल्यावर कण प्लास्टिसायझर शोषून फुगतात आणि एकमेकांत विलीन होतात. तापमान कमी पडले तर हे विलीन होणे अपुरे राहते आणि वस्तू ठिसूळ होते. तापमान जास्त झाले तर रंग करपतो, आणि तो सर्वांत आधी पांढऱ्या व अर्धपारदर्शक क्लेत दिसतो. प्रत्येक ब्रँडच्या क्लेचे तापमान निराळे आहे. फिमोसाठी ११० अंश सेल्सिअस, सर्निटसाठी ११० ते १३०, प्रेमोसाठी १३० आणि केटोसाठी १५० अंश अशी उत्पादकांची सूचना असते. तेव्हा वेगवेगळ्या क्ले एकाच पदार्थात मिसळणाऱ्याने याचा विचार आधीच करायला हवा. मुख्य अडचण अशी, की लहान ओव्हनच्या खटक्यावरील आकडा आणि आतील प्रत्यक्ष तापमान यांत मोठा फरक असू शकतो, आणि तापदंड चालू-बंद होताना तापमान वर-खाली होत राहते. ओव्हनमध्ये ठेवता येणारा स्वतंत्र तापमापक ही या छंदातील सर्वांत उपयोगी खरेदी आहे, असे माझे ठाम मत आहे.

वस्तू जाड सिरॅमिक टाइलवर कागद पसरून ठेवाव्यात. टाइल उष्णता साठवून चढ-उतार कमी करते, आणि कागदामुळे वस्तूच्या खालच्या बाजूस चकाकता डाग पडत नाही. वरून अॅल्युमिनियम फॉइलचे सैल झाकण ठेवावे, म्हणजे तापदंडाची थेट धग पांढऱ्या रंगाला लागत नाही. अंडे पिवळे पडण्यावर हाच उपाय आहे. वस्तू चिमुकल्या आहेत म्हणून वेळ कमी करू नये. उत्पादकाने सांगितलेला पूर्ण वेळ द्यावा. योग्य तापमानात जास्त वेळ भाजल्याने ताकद वाढतेच, मात्र तापमानात केलेली वाढ क्षमा करत नाही. मायक्रोवेव्हमध्ये पॉलिमर क्ले भाजू नये. क्ले करपून धूर येऊ लागल्यास ओव्हन तत्काळ बंद करून खोलीची हवा खेळती करावी, कारण जळत्या पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड हा दाहक वायू बाहेर पडतो.

नखाच्या कोरीसारखे ठिपके हे बहुतेकदा आत अडकलेला ओलावा आणि हवा यांमुळे येतात. अर्धपारदर्शक क्ले मळताना हात पूर्ण कोरडे असावेत, तिला ओल्या पुसण्यांचा स्पर्श होऊ देऊ नये, आणि पोळी घडी घालताना हवा कोंडणार नाही अशी काळजी घ्यावी. ओव्हनमधून काढताच अर्धपारदर्शक चकत्या बर्फाच्या पाण्यात टाकल्यास त्यांची पारदर्शकता वाढते. हा उपाय फक्त पातळ तुकड्यांसाठी ठेवावा. जाड वस्तू ओव्हनमध्येच सावकाश थंड होऊ द्याव्यात, नाहीतर त्यांना तडे जाऊ शकतात.

चिमुकले_ताट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. अडचणी चार दिसत असल्या तरी ब्रेडचा प्रश्न प्रकाशाचा, संत्र्याचा प्रश्न मऊपणाचा आणि उरलेल्या दोहोंचा प्रश्न उष्णतेचा व ओलाव्याचा आहे, हे आता स्पष्ट झाले. पांढऱ्या क्लेवर बारीक तंतू चिकटतात, त्यावर काय करावे? तसेच जॅमसाठी आणि अंड्यावरील ओलसरपणासाठी कोणते वार्निश वापरावे, आणि बशी प्लास्टिकची असल्यास ती क्लेसह ओव्हनमध्ये ठेवता येईल का, हे कृपया सांगावे. घरात लहान मुले आहेत, म्हणून त्या दृष्टीनेही काही सूचना असल्यास द्याव्यात.

मातीकाम

काम नेहमी फिकट रंगापासून गडद रंगाकडे न्यावे आणि पांढऱ्याला हात लावण्यापूर्वी टाकाऊ क्लेचा गोळा तळव्यांत मळावा. तळव्यांवरील धूळ आणि जुना रंग तो उचलून घेतो. उरलेले तंतू भाजण्यापूर्वी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने निघतात. लोकरी किंवा सुती सैल कपडे काम करताना टाळलेले बरे.

जॅमसाठी वार्निशची गरजच नाही. द्रवरूप क्लेमध्ये लाल पेस्टलची भुकटी मिसळावी, तिच्यात अर्धपारदर्शक लाल क्लेचे बारीक कण फळांच्या तुकड्यांसारखे सोडावेत आणि ते मिश्रण बशीतच भाजावे. रंग मात्र अगदी कमी घालावा, कारण भुकटी जास्त झाली की जॅम अपारदर्शक होऊन रंगाच्या थेंबासारखा दिसतो. बशी काचेची, सिरॅमिकची किंवा धातूची असेल तरच हे शक्य आहे. प्लास्टिकची बशी ओव्हनमध्ये ठेवू नये, आणि कच्ची क्ले पॉलिस्टायरिनच्या वस्तूंवर ठेवूनही देऊ नये, कारण प्लास्टिसायझर त्या प्लास्टिकला विरघळवू लागतो. प्लास्टिकची बशीच वापरायची असेल, तर जॅम टाइलवर वेगळा भाजून नंतर चिकटवावा.

चमक ही शेवटची आणि सर्वांत कमी वापरायची गोष्ट आहे. ब्रेडला वार्निश लावूच नये. अंड्याच्या पांढऱ्या भागाला सॅटिन, संत्र्याच्या गराला अगदी पातळ ग्लॉस आणि सालीला काहीही नाही, अशी विभागणी ठेवावी. वार्निश पाण्यावर आधारित अॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेन असावे. नखांचे पॉलिश आणि अनेक स्प्रे वार्निश यांतील द्रावक क्लेशी प्रक्रिया करतात आणि काही काळाने पृष्ठभाग चिकट होतो. तो चिकटपणा मग पुसून जात नाही.

मंद_आच

मुलांविषयी एवढेच सांगतो, की या आकाराची कोणतीही वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या हाती जाऊ नये. सहा मिलिमीटरचे संत्रे सहज गिळले जाते आणि ते जितके खरे दिसेल तितका हा धोका वाढतो. मोठ्या मुलांना शेजारी बसवून काम करायला हरकत नाही, मात्र ब्लेड आणि ओव्हन मोठ्यांनीच हाताळावे. क्लेसाठी वापरलेली साधने, टाइल आणि लाटणे पुन्हा स्वयंपाकात घेऊ नयेत. काम संपल्यावर हातांना आधी थोडे तेल चोळून क्लेचा अंश सुटा करावा, तो पुसून टाकावा आणि मग साबणाने हात धुवावेत, कारण नुसत्या पाण्याने तो निघत नाही.